मरून रेक्झिनचं हृदय

"पप्पा, फोमचा एक तुकडा द्या. आणि तुमची ती लांब सुरी."

त्रिशला दप्तरासकट दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि माझ्या तोंडात आठ-दहा खिळे होते. आमच्या धंद्यात सोफा ठोकताना खिळे तोंडात धरतात, जिभेनं एकेक पुढे आणतात आणि हातोडीला देतात. माझी बायको विमल म्हणायची, दिवसभरात तेवढाच वेळ हा माणूस गप्प असतो. तिचं काही खोटं नव्हतं. मी खिळे तळहातावर काढले आणि विचारलं, "कशाला पायजे?"

"हृदय करायचंय. शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे."

"केवढं?"

"एवढं." तिनं ओंजळ करून दाखवली. "दोन भाग करायचे. पपई कापून उघडतो तसं उघडायला आलं पाहिजे. आत चार कप्पे कोरणार. रक्त कुठनं येतं, कुठं जातं, ते बोट फिरवून दाखवणार. आणि पप्पा, सगळं मीच करणार आहे. तुम्ही फक्त फोम द्यायचा."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. त्रिशला तेव्हा सातवीत होती, दिवस बुधवारचा होता आणि माझं मिरजेत मार्केटच्या मागच्या गल्लीत सोफ्याचं दुकान होतं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. इथं सोफ्यापेक्षा डॉक्टरांची तपासणीची टेबलं जास्त येतात कामाला. तोवर मी अकरा डॉक्टरांची टेबलं, चार दातांच्या खुर्च्या आणि वेटिंग रूमची बाकडी तर किती ते सांगता येणार नाही, इतकी बसवून दिली होती. त्यामुळे वैद्यकशास्त्र आपल्याला साधारण येतं, असा माझा समज झाला होता. गिऱ्हाइकाला मणक्याचे नंबर सांगून मी कडक फोम खपवत असे.

"ओंजळीएवढं?" मी म्हणालो. "लांबनं बघणाऱ्याला दिसायचं तरी काय? गेल्या वर्षीचा ज्वालामुखी बघ. दारातनं दिसत होता."

"गेल्या वर्षी सगळे तुम्हालाच शाबास म्हणाले."

"मग! कामच तसं होतं."

गेल्या वर्षी सहावीत तिला ज्वालामुखी करायचा होता, तो मी केला होता. आत स्प्रिंग बसवली होती, त्यामुळे वरचं तोंड थरथरायचं. दुसरा नंबर आला आणि मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे माझा हात हातात घेऊन गेले. मी आठवडाभर हवेत होतो. त्रिशलाला बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं, ते तिनं कंपासपेटीत ठेवलं आणि एकदाही वापरलं नाही. पेन महागाचं म्हणून पोरगी जपतेय, असं मला वाटलं होतं.

"ह्या वर्षी शेडबाळे सरांनी नियम काढलाय," ती म्हणाली. शेडबाळे सर म्हणजे त्यांचे विज्ञानाचे मास्तर. "मुलांनी स्वतः केलेलं असेल त्यालाच मार्क. आणि पहिले दोन नंबर सांगलीला जाणार, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला. मला सांगलीला जायचंय, पप्पा. माझं केलेलं घेऊन."

"जाशील की."

"तुम्ही हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"देवाशपथ म्हणा."

"देवाशपथ. सुरी मात्र मिळणार नाही. ती काय भाजी चिरायची आहे व्हय? फोम मी कापून देतो. कापणं म्हणजे काही करणं नव्हे."

असं म्हणून मी फोमच्या ठोकळ्यातून दोन जाड तुकडे कापले. एकदा सुरी हातात आल्यावर नुसते चौकोन काय द्यायचे, म्हणून बाहेरचा आकारही देऊन टाकला. पुस्तकातलं चित्र समोर ठेवलं होतं. अंगठा दाबून, सुरी तिरकी धरून असा गोलावा काढला की माझा मीच खूश झालो. उंची भरली अडीच फूट.

त्रिशलानं ते उचलायला बघितलं तर तिच्या हातांत मावेना. "पप्पा, हृदय मुठीएवढं असतं."

"मूठ मोठी करून दाखवायची. त्यालाच तर मॉडेल म्हणतात."

गुरुवारी संध्याकाळी ती दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यावर बसली आणि घरची पाव कापायची सुरी घेऊन कप्पे कोरू लागली. ती रोजच तिथं बसून अभ्यास करायची, त्यामुळे मला काही नवल वाटायला नको होतं. पण त्या दिवशी माझं अर्धं लक्ष तिच्या हाताकडे. सुरी बोथट, फोम चिवट. कडा अशा निघत होत्या की उंदरानं रात्री येऊन काम केलंय. मी दोनदा उठलो, दोनदा खाली बसलो.

"पप्पा, तुमची सावली पडतेय," ती मान वर न करता म्हणाली.

चार कप्पे झाले. वरचे दोन लहान, खालचे दोन मोठे. एक तिरका, एकाची भिंत जाड, एकाची पातळ. मग तिनं रंगपेटी काढली, उजवीकडचे दोन निळे केले, डावीकडचे दोन लाल. निळं म्हणजे वापरलेलं रक्त आणि लाल म्हणजे ताजं, असं तिनं मला सांगितलं. वाळायला ठेवून ती घरी गेली. जाताना म्हणाली, "उद्या शाळेतनं आले की कडेला बिजागरीसारखं कापड शिवते. झालं मग."

शुक्रवारी सकाळी ती शाळेत गेल्यावर मी ते नुसतं बघायला घेतलं. एवढं मात्र खरं सांगतो, नुसतं बघायलाच घेतलं होतं.

दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून वरून हात दाबला तर सगळं आत गेलं. गेलं म्हणजे असं, की माझा हात थेट तळाला टेकला. आमच्या धंद्यात 'पोकळ' हा शब्द शिवीसारखा आहे. माझे वडील गाद्या भरायचे. मी भरलेल्या गादीच्या कोपऱ्यात ते बोट खुपसून बघत. बोट आत गेलं की दुसऱ्या हातानं कानाखाली. चौदाव्या वर्षापर्यंत माझ्या डाव्या कानाला कायम ऐकू कमी यायचं. त्यामुळे पोकळ काही दिसलं की माझा हात आपोआप चुऱ्याच्या पोत्याकडे जातो. फोमचे कातरलेले बारीक तुकडे आम्ही पोत्यात साठवतो, त्याला चुरा म्हणतात. कोपरे भरायला तोच लागतो.

मी आधी एकच कप्पा भरला. तो असा छान टणक झाला की बाकीचे तीन उघडे बघवेनात. चारही ठासून भरले. वरचा भाग बसवून पुन्हा हात दाबला. आता ते हृदय दहा वर्षं बसलं नसतं.

तिथं थांबायला हरकत नव्हती. पण उघडा फोम म्हणजे बनियनवर लग्नाला जाण्यासारखं. कपाटात डॉक्टर शिरगुप्पेंच्या वेटिंग रूमच्या कामातून उरलेलं मरून रेक्झिन होतं. उरलेला माल कारागिराचा, अशी आमच्यात रीत आहे, शिंप्यांच्यात आहे तशीच. रंग बघितला तर बरोबर रक्ताचा. हा योगायोग कसा सोडायचा? मी कव्हर बेतलं, मशीन मारली, कडेनं काळी पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल पट्टी, फिरवली. काम एकदा रंगात आलं की डोकं चालत नाही, हात चालतात. पुढच्या बाजूला तीन बटणं खोलवर ओढून बसवली, कारण एवढी सलग जागा बटणांशिवाय फुगते. शेवटची शिवण वाकड्या सुईनं हातानं घातली आणि गाठ आत दडवली.

दुपारी विमल डबा घेऊन आली आणि दारातच थबकली. "हे काय करालाय?"

"काही नाही. जरा फिनिशिंग."

"देवाशपथ म्हणाला होता की तिला."

"हात कुठं लावलाय? शिवण मशीननं मारलीय."

विमलनं डबा ठेवला. "तुमच्यापुढं देव तरी काय बोलणार," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी त्रिशला आली. मी हृदय काउंटरवर उभं करून ठेवलं होतं, खाली पांढरी चादर अंथरून. ती आली आणि बघतच राहिली. आनंदानं तिची वाचा बसली, अशी माझी समजूत झाली. माझ्या समजुती त्या काळी फार झटपट व्हायच्या.

"पप्पा, हे काय?"

"तुझं हृदय."

तिनं सगळीकडून हात फिरवला. "हे उघडतं कुठनं?"

"उघडायचं कशाला? सोफा कधी कुणी उघडून बघतं व्हय?"

"सोफा नाही हे." तिनं बटणांवर बोट ठेवलं. "हृदयाला बटणं असतात?"

"त्याशिवाय फोम धरत नाही."

"आणि माझे कप्पे?"

इथं मी थोडा थांबलो. खरं सांगायला एवढी जागा पुरेशी होती. उसवून चुरा काढायला अर्धा तास लागला असता. पण पंचवीस वर्षांत मी स्वतःचं काम कधी उसवलं नव्हतं, आणि ती पायपिंग इतकी सरळ आली होती.

"आत आहेत की," मी म्हणालो. "जाणार कुठं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. बापानं सांगितलं म्हणजे आहेत, एवढाच तिचा हिशेब होता. मग ती विचार करत म्हणाली, "बरं. आता दुसरं करायला वेळ नाही. मी सरांना खरं सांगते. बाहेरचं पप्पांनी केलं, आतलं माझं."

मला त्याचंही जरा वाईटच वाटलं. एवढं केलं आणि पोरगी भर सभेत आपला वाटा वेगळा काढणार!

शनिवारी सकाळी माझ्या एम-एटी गाडीवर निघालो. मागे त्रिशला, तिच्या मांडीवर ते हृदय, आणि त्यावरून तिचे फक्त डोळे दिसत होते. चौकात पानवाला ओरडला, "मगदूम, बीन बॅग कुणाची?" पुढे एका ओळखीच्या बाईंनी आंब्याची उशी किती पडेल म्हणून विचारलं. त्रिशलानं डोळेही रेक्झिनमागे घेतले.

शाळेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून प्रयोग मांडले होते. कुणाचा थर्माकोलचा किडनीचा नमुना, कुणाची पुठ्ठ्याची सूर्यमाला, कुणी पुण्याहून आणलेला तयार सांगाडा 'मी स्वतः बनवला' म्हणून उभा केलेला. त्या सगळ्यांत आमचं हृदय खरोखरच दारातून दिसत होतं. पोरं येऊन त्याला बुक्की मारून बघत होती. पालकांनी मागच्या भिंतीशी उभं राहायचं होतं. मी तिथं छाती काढून उभा राहिलो.

आणि परीक्षक म्हणून कोण यावं? डॉक्टर शिरगुप्पे! हृदयाचेच डॉक्टर, आणि आपले गिऱ्हाईक. मी लांबूनच नमस्कार केला. आता काय, सांगली आपलीच!

शेडबाळे सर वही घेऊन आणि डॉक्टर हात मागे बांधून एकेका बाकापुढे थांबत आमच्यापर्यंत आले. डॉक्टरांनी हृदयाकडे बघितलं, वाकून रेक्झिन चिमटीत धरलं आणि हॉलभर नजर फिरवून मला शोधून काढलं.

"मगदूम, हे माझ्या वेटिंग रूमचं दिसतंय."

"उरलेलं होतं, डॉक्टर," मी भिंतीजवळून म्हणालो. लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार?

"सर," त्रिशला म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण स्वच्छ. "बाहेरचं माझ्या पप्पांनी केलंय. आतलं मी केलंय. आत चार कप्पे आहेत."

शेडबाळे सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. डॉक्टर म्हणाले, "छान. खरं बोललीस ते बरं झालं. मग आतलं दाखव."

मला वाटलं होतं, ती म्हणेल शिवलेलं आहे, तोंडानं सांगते. डॉक्टर मान हलवतील आणि पुढे जातील. पण त्रिशला म्हणाली, "शिवलंय, सर. पण मी उघडते."

तिनं हृदय पालथं केलं. कंपासपेटीतून कर्कटक काढलं. आता पोरगी रेक्झिन फाडणार, म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. तिनं रेक्झिनला टोकही लावलं नाही. डाव्या हाताचा अंगठा पायपिंगच्या खालून सरकवत नेला, तळाशी एका ठिकाणी थांबली आणि तिथली गाठ कर्कटकानं उचलली. माझी गाठ. ती मी कुठं दडवतो हे गिऱ्हाइकाला सोडा, शेजारच्या दुकानदाराला माहीत नाही. मग तिनं दोरा ओढला आणि सगळी शिवण एका दमात सर्रकन निघाली. क्षणभर मला इतका अभिमान वाटला की आत काय आहे ते मी विसरूनच गेलो.

तिनं वरचा भाग उचलला.

आत चुरा. पिवळा, करडा, कुठल्या तरी जुन्या बसच्या सीटचा हिरवट, असा गच्च भरलेला.

"आयला, हृदयात गादी!" एक पोरगा ओरडला आणि हॉल खो खो हसला.

शेडबाळे सरांनी चष्मा वर केला. "त्रिशला, कप्पे कुठं आहेत?"

"होते, सर."

"होते म्हणजे?"

तिचे कान लाल झाले. ती त्या चुऱ्याकडे बघत राहिली. खोटं बोलल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती, आणि ती खोटं बोललेली नव्हती. सरांचं पेन वहीवर थांबलं होतं. मग तिनं वळून माझ्याकडे बघितलं. ओरडली नाही, बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. तिला एका क्षणात सगळं समजलं होतं. आणि तरीही ती माझं नाव घेत नव्हती.

मी आयुष्यात पुष्कळ फजित्या करून घेतल्या. एकदा दातांच्या डॉक्टरांची खुर्ची उलटी बसवून आलो होतो. पण पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या हॉलमध्ये कळलं. मी भिंतीपासून निघालो आणि बाकापाशी येऊन उभा राहिलो.

"मी भरलं, सर," मी म्हणालो. "काल. ती शाळेत असताना."

"का ओ?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोकळ राहिलं होतं. बसल्यावर दबलं असतं."

"हृदयावर कोण बसणार होतं, मगदूम?"

यावर जे हसू उठलं ते मला आजही मिरज मार्केटातून जाताना ऐकू येतं. ते थांबेपर्यंत मी उभा राहिलो. मग म्हणालो, "तिनं कप्पे कोरले होते, रंगवले होते. मला विचारलं तर मी सांगितलं, आत आहेत. ते मी खोटं सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं."

त्रिशलानं नाक ओढलं. फ्रॉकच्या बाहीनं एकदा डोळे पुसले. मग तिनं हात घालून मूठभर चुरा बाहेर काढला आणि ठेवायला जागा बघितली. बाकावर जागा नव्हती.

"पप्पा, धरा," ती म्हणाली.

मी ओंजळ पुढे केली.

"सर, ही उजवी कर्णिका," ती म्हणाली आणि दुसरी मूठ माझ्या हातात टाकली. चुऱ्याखालून निळा रंग दिसू लागला. "सगळ्या अंगातनं वापरलेलं रक्त इथं येतं. इथनं खाली, उजव्या जवनिकेत." आणखी तीन मुठी. माझी ओंजळ भरली, मग मी शर्टाचा पुढचा भाग धरून झोळी केली. "इथनं फुफ्फुसाकडे जातं आणि शुद्ध होऊन इकडं येतं, डाव्या कर्णिकेत." आता लाल दिसायला लागलं. आवाजातलं कापरं कमी होत गेलं. "आणि ही डावी जवनिका. हिची भिंत मी मुद्दाम जाड ठेवलीय. हिला सगळ्या अंगात रक्त पाठवायचं असतं."

जाड भिंत तिनं मुद्दाम ठेवली होती. मला वाटलं होतं, पोरीला सारखं कापता येत नाही.

"आणि हे कप्पे पोकळ कशाला लागतात?" डॉक्टरांनी विचारलं. विचारताना माझ्याकडे बघितलं.

"भरून ठेवलं तर रक्त येणार कसं, सर? आणि जाणार कसं?"

डॉक्टरांनी बोट घालून उजवीकडून डावीकडे पूर्ण वाट फिरून बघितली. कुठं अडलं नाही. मी बाजूला उभा, झोळीत तीन-चार किलो असल्यासारखा चुरा घेऊन. प्रत्यक्षात पावशेरही नसेल.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक विचारतात, मग मुलगी पुढं हृदयाची डॉक्टर झाली असेल? नाही झाली. ती कोल्हापुरात बँकेत आहे आणि तिच्या घरचा सोफा तिनं तयार विकत घेतलाय.

दुपारी निकाल लागला. त्याआधी शेडबाळे सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "मगदूम, आतल्याला आम्ही पैकीच्या पैकी दिले. बाहेरच्याला शून्य. नियम म्हणजे नियम. काम सुंदर आहे ओ तुमचं, पण शून्य." सगळी बेरीज करून त्रिशलाचा तिसरा नंबर आला. सांगलीला पहिले दोन जाणार होते. दुसरा नंबर पुठ्ठ्याच्या सूर्यमालेला. शनीची कडी वाकडी होती, पण पोरानं स्वतः वाकडी केली होती.

मी सायकल स्टँडपाशी गाडीजवळ थांबलो. ती आली. एका हातात प्रमाणपत्राची गुंडाळी, काखेत उसवलेलं हृदय. रेक्झिन लोंबत होतं.

"पप्पा, एक विचारू?"

"विचार."

"मला तुम्ही सुरी का देत नाही?"

मी काहीतरी विनोद करणार होतो. तोंडापर्यंत आलाही होता. पण तिच्या डोळ्यांकडे बघून तो गिळला.

"मी सातवीत होतो," मी म्हणालो. "तुझ्या आज्जांचा हात दुखावला होता. ते म्हणाले, चार दिवस दुकानात ये, सुरी धर. माझा हात पहिल्याच दिवशी बसला. सगळे म्हणाले, पोराच्या हातात कसब आहे. मलाही बरं वाटलं. ते चार दिवस काही संपले नाहीत. शाळेचं दप्तर बरेच दिवस खुंटीला होतं. तुझा हात जर असाच बसला तर? म्हणून भीती वाटते."

हे मी विमललाही कधी सांगितलं नव्हतं. सांगता सांगता मी गाडीचा आरसा पुसायला लागलो.

त्रिशलानं काखेतलं हृदय सावरलं. मग म्हणाली, "मग गाठ पायपिंगच्या खाली असते, हे मला कोण शिकवलं?"

"कोण?"

"कोण नाही. रोज तिथंच बसते की अभ्यासाला. दिसतंय ते."

मी जे तिच्यापासून लांब ठेवत होतो ते तिच्या हातात कधीच पोचलं होतं. तरी तिचा अभ्यास चालू होता, तिसरा नंबरही आला होता. एवढी वर्षं मी उगाच दार लावून बसलो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "माझ्यामुळं तुझी सांगली गेली."

"गेली," ती म्हणाली.

'जाऊ दे' म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली नाही. पण तिनं हृदय गाडीच्या सीटवर ठेवलं आणि प्रमाणपत्र माझ्याकडे दिलं. मी गुंडाळी उलगडली. शेडबाळे सरांचं अक्षर वळणदार होतं. शाळेचं नाव, विषय, क्रमांक तिसरा, खाली डॉक्टरांची सही. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. आता इतकं होऊनही माणसानं गप्प बसावं की नाही? पण खोड ती खोडच.

"बाहेरच्या कामाबद्दल यात काहीच लिहिलेलं नाही," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्रिशलानं माझ्याकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा तिला हसू आलं. तिनं पुढे होऊन शाईनं लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला एकेक शब्द वाचून दाखवला, लहान मुलाला दाखवतात तसा. कुमारी. त्रिशला. सुकुमार. मगदूम. मग बोट मागे आणून माझ्या नावावर थांबवलं.

"हे काय, मधे आहे की तुमचं नाव," ती म्हणाली. "तेवढं बास, पप्पा."